ब्रिटनच्या कालव्यांवर स्वयंसेवक व्हायचंय? पहिल्या दिवसापासूनचं काम, पायरीपायरीने

कालवा म्हटलं की आपल्याला धरणातून शेताकडे जाणारं पाणी आठवतं. ब्रिटनचे कालवे त्यासाठी खणलेलेच नाहीत. कोळसा, चिनी माती, कापूस, धान्य असा माल बोटीतून न्यायला ते खणले. १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर असे कालवे झाले. रेल्वे आल्यावर ते मागे पडले आणि विसाव्या शतकाच्या मध्याला कित्येक कालवे गाळाने, कचऱ्याने बुजत चालले. ते वाचले त्याचं मोठं श्रेय हातात फावडं घेऊन उतरलेल्या लोकांना जातं. १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. १९६४ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमावर पुन्हा खुला झाला. १९६८ मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन कालव्यात एका शनिवार-रविवारी सुमारे ६०० जण कचरा उपसायला जमले आणि १९७४ मध्ये तिथून पुन्हा बोटी जाऊ लागल्या.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या, तिथेच वाढलेल्या ज्या मराठी तरुणांना या कामात हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण खालची प्रत्येक सूचना तिच्यातूनच निघते. कालवा ही वापरातून गेलेली, फक्त बघायची वास्तू नाही. ते दोन-अडीचशे वर्षांचं चालू यंत्र आहे. ते चालतं ठेवायचं आणि जुन्या वापराच्या खुणाही पुसायच्या नाहीत, अशी दुहेरी जबाबदारी इथे असते. नवख्यांच्या हातून नुकसान होतं ते बहुधा आळसामुळे होत नाही. उत्साहाच्या भरात नको ते 'नीट' केल्यामुळे होतं.

कुणाकडे जायचं

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर कालवे व नद्या २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था सांभाळते. स्कॉटलंडमध्ये हे काम 'स्कॉटिश कॅनाल्स'कडे आहे. पहिल्यांदा जात असाल तर ट्रस्टच्या 'टोपाथ टास्कफोर्स'च्या एखाद्या सत्राला जा. टोपाथ म्हणजे पूर्वी बोट ओढणारे घोडे जिथून चालत, ती काठालगतची वाट. सत्र काही तासांचं असतं, अवजारं तेच देतात, अनुभव लागत नाही. लॉककीपरचं, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे सांभाळण्याचं काम करायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि हंगामभर नियमित यावं लागतं.

सलग आठवडाभर काम करायचं असेल तर 'वॉटरवे रिकव्हरी ग्रुप'ची कॅनाल कॅम्प ही शिबिरं आहेत. हा गट १९७० पासून बंद पडलेल्या कालव्यांवर काम करतो. दिवसभर काम, रात्री गावातल्या सभागृहात जमिनीवर अंथरूण, जेवण एकत्र, आणि खर्चापोटी थोडं शुल्क. शिबिरांना साधारणपणे १८ वर्षं पूर्ण लागतात, तरी त्या-त्या शिबिराची अट वाचूनच नाव द्या. जिथे १८ खालच्यांना घेतात, तिथे पालकांची लेखी संमती द्यावी लागते.

तरुणांसाठी असलेल्या 'ड्यूक ऑफ एडिंबरा' पुरस्काराच्या स्वयंसेवेच्या भागात हे तास धरता येतात. पण त्या भागात सरासरी आठवड्याला एक तास, असं महिनोन्‌महिने सातत्य अपेक्षित असतं. एकाच शनिवारी बारा तास राबून तीन महिन्यांची नोंद होत नाही, म्हणून आधी वेळापत्रक ठरवा.

स्टुडंट व्हिसावर असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. तिथले नियम 'व्हॉलंटियरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' यांत फरक करतात. दुसऱ्या प्रकारात करारासारखी बांधिलकी असते आणि ते तास तुमच्या कामाच्या आठवडी मर्यादेत मोजले जातात. आपलं काम कोणत्या प्रकारात बसतं ते संस्थेला विचारा आणि विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारांकडून खात्री करून घ्या.

अंगावर काय, पिशवीत काय

पोलादी टोपीचे बूट हवेतच. शिबिराला जाताना तळव्यात पोलादी पत्रा असलेले घ्या, कारण गाळात खिळे आणि काचा असतात. कॅनव्हासचे बूट आणि जीन्स नकोत. जीन्स भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंग गार पडतं. लांब बाह्यांचा जुना शर्ट, पावसाळी जाकीट, कपड्यांचा एक कोरडा जोड, पाणी आणि डबा घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. हातावर कापलं असेल, अगदी खरचटलं असेल, तरी कामाआधी त्यावर जलरोधक पट्टी लावा. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. जेवणाआधी हात साबणाने धुवा. कामानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोकेदुखी सुरू झाली तर साधा फ्लू समजून घरी बसू नका. 'मी कालव्याच्या पाण्यात काम केलं होतं' हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा, नाहीतर त्यांच्या मनात ही शंका येण्याचं कारणच नसतं.

कालव्याचं पाणी संथ आणि बहुतेक ठिकाणी उथळ असतं, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. पण गार पाण्यात अचानक पडल्यावर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि पाणी नाकातोंडात जातं. पडलात तर लगेच पोहू नका. पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काठाकडे या. लाइफजॅकेट दिलं तर घालण्याआधी जॅकेट फुगवणारी गॅसची नळकांडी हाताने घट्ट बसली आहे ना आणि निर्देशक हिरवा दिसतो ना, ते पाहा. मांड्यांमधला पट्टा बांधा. तो सैल राहिला तर जॅकेट फुगून वर सरकतं आणि तोंड पाण्याखाली राहतं.

पहिलं काम: काठावरची झाडोरा-सफाई

नवख्यांच्या वाट्याला बहुधा हेच येतं. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त काम असतं हिमालयन बाल्समचं. आपल्या तेरड्याच्याच कुळातली ही वनस्पती १८३९ मध्ये शोभेसाठी ब्रिटनला नेली गेली आणि पाण्याच्या काठाने फोफावली. एका रोपाला ८०० पर्यंत बिया येतात. पिकलेली शेंग तेरड्यासारखीच टचकन फुटते आणि बी ७ मीटरपर्यंत उडतं. हिवाळ्यात रोप मरतं, काठ उघडा पडतो, माती कालव्यात ढासळते.

मुळं उथळ असल्याने ते हाताने सहज उपटतं. खोड बुंध्याशी धरून सरळ वर ओढा. तुटलंच तर सगळ्यात खालच्या पेराच्या खाली तुटलं आहे याची खात्री करा, कारण वर तुटलं तर त्या पेरातून पुन्हा फांद्या फुटतात आणि फुलंही येतात. उपटलेली रोपं चिरडून कोरड्या जागी ढीग घाला. ओल्या मातीवर पसरली तर पेरांतून पुन्हा मुळं धरतात. प्रवाह असेल तिथे वरच्या अंगाकडून खाली काम करत या. खालून सुरुवात केली तर वरचं बी वाहत येऊन सगळी मेहनत वाया घालवतं. शेंगा धरल्या की उपटणं थांबवा, कारण त्या हलवणं म्हणजे बी पेरणंच. तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फेरी मारा. जमिनीतलं बी साधारण दोन वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढची दोन वर्षंही तिथे यावं लागतं. एकदा मोठी मोहीम काढून फोटो घेऊन निघून जाणाऱ्या गटांपेक्षा पाच जणांचा तीन वर्षं येणारा गट इथे जास्त कामाचा.

काही वनस्पतींना हात लावायचा नाही, फक्त जागा कळवायची. जायंट हॉगवीडचा चीक अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. जपानी नॉटवीडचा बोटभर तुकडाही नव्या जागी रुजतो. पाण्यावर पसरणारा फ्लोटिंग पेनीवॉर्ट दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. तो काढतात, पण गटप्रमुखाच्या देखरेखीखाली, तुटून वाहून जाणारा प्रत्येक तुकडा जाळीने टिपून. झुडपं आणि कुंपणाची छाटणी साधारण मार्च ते ऑगस्ट टाळतात, कारण घरटी असतात. वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

लॉक चालवायला शिका

लॉक म्हणजे उंच आणि खालच्या पातळीमधली पाण्याची पायरी. दोन टोकांना दरवाजे असलेली दगड-विटांची खोली. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट चढते किंवा उतरते. अरुंद लॉक साधारण २२ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद. पातळ्यांत अडीच मीटरचा फरक धरला तर एका खेपेला सुमारे १ लाख १५ हजार लीटर पाणी खाली जातं. हे पाणी डोंगरमाथ्यावरच्या जलाशयांतून येतं, म्हणून लॉककीपर सतत विचार करतो तो पाण्याचा.

खालच्या टोकाला सहसा दोन दरवाजे असतात. ते पाण्याच्या दाबाकडे टोक करून इंग्रजी 'व्ही'सारखे मिटतात. दाब जितका जास्त तितके ते घट्ट बसतात. दरवाज्यात किंवा जमिनीखालच्या बोगद्यात बसवलेल्या झडपेला पॅडल म्हणतात. पॅडल उचलायच्या 'एल' आकाराच्या हँडलला विंडलास. पॅडलच्या दांड्याचे चौकोन सगळीकडे सारखे नाहीत: बहुतेक ठिकाणी १ इंची, ग्रँड युनियनसारख्या ठिकाणी सव्वा इंची. दोन भोकांचा विंडलास जवळ ठेवा. मोठं भोक लहान चौकोनावर लावलं की ते निसटतं आणि हँडल तोंडावर येतं.

बोट वर चढवताना क्रम असा:

१. लॉक रिकामं आहे का पाहा. ते भरलेलं असेल आणि वरून बोट येत असेल, तर आधी तिला उतरू द्या. भरलेलं लॉक उगाच रिकामं करणं म्हणजे लाखभर लीटर पाणी फुकट घालवणं.

२. खालचे दरवाजे उघडा, बोट आत घ्या, दरवाजे मिटा आणि खालची सगळी पॅडल खाली आहेत याची स्वतः खात्री करा. लॉक भरतच नाही, अशी तक्रार आली की निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

३. वरच्या टोकाचं जमिनीतलं पॅडल अर्धं उचला. पॅडल वर धरून ठेवणारा खटका दात्यात अडकला का पाहा, मगच विंडलास काढा. तो दांड्यावर ठेवून बाजूला गेलात आणि खटका सुटला, तर पॅडल पडताना विंडलास गरगर फिरतो. त्याने मनगटं मोडली आहेत.

४. बोट स्थिर झाली की पॅडल पूर्ण उचला. दरवाज्यातली पॅडल असतील तर त्यांची तोंडं पाण्याखाली गेल्यावरच उघडा. आधी उघडलीत तर धारेचा लोट थेट बोटीच्या नाकाडावर कोसळतो आणि बोट भरू शकते.

५. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की दरवाजा उघडतो. त्याला जोडलेल्या लांब लाकडी तुळईला पाठ टेका, जमिनीतल्या उंच विटांच्या ओळीवर टाचा रोवा आणि संथपणे रेटा. हलत नसेल तर थांबा. चार बोटं पाणी कमी असलं तरी दहा माणसांनी रेटून तो उघडत नाही.

६. बोट बाहेर पडली की पॅडल विंडलासने फिरवत खाली आणा. सोडून धाडकन पाडू नका, दाते मोडतात. दरवाजे मिटा.

खाली उतरताना एकच धोका, पण सगळ्यात गंभीर. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी उतरू लागलं की तो उघडा पडतो. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर पुढची बाजू खाली जाते आणि बोट मिनिटभरात बुडू शकते. भिंतीवर त्याची पांढरी खूण असते. बोट पूर्ण वेळ त्या खुणेच्या पुढे हवी. नजर बोटीवर ठेवा, गप्पा नंतर. बोट अडकली तर आधी खालची पॅडल बंद करा. मगच वरचं पॅडल हळू उचलून बोट पुन्हा तरंगू द्या. घाईत उलटा क्रम केला की दोन्हीकडून पाणी वाहत राहतं आणि बोट उचललीच जात नाही.

दरवाजा पूर्ण मिटत नसेल तर मागे लाकूड, सायकल, प्लास्टिक असं काहीतरी अडकलेलं असतं. त्यासाठी लॉकजवळ केब नावाचा लांब दांड्याचा दाताळा ठेवलेला असतो. हात घालून पाहू नका.

हे हाताने नीट जमलं की उत्तर इंग्लंडमधल्या बिंग्लीला जाऊन १७७४ चं 'फाइव्ह राइज' नक्की पाहा. तिथे पाच लॉक एकाला एक चिकटून आहेत, मध्ये कालवाच नाही. एका लॉकचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. क्रम चुकला की पाणी कुठे जाईल, हे तिथे उभं राहून मनातल्या मनात सोडवणं ही उत्तम परीक्षा आहे.

चुन्याने दरजा भरणं

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, लॉक कोरडी करून मोठी दुरुस्ती होते. भिंतीतल्या खोबणीत एकावर एक फळ्या सोडून पाणी अडवतात. फटींतून गळती राहिली तर फळ्यांसमोरच्या पाण्यात बारीक राख टाकायची जुनी युक्ती आहे. गळतीबरोबर राख ओढली जाते आणि फटी बुजवते. हे काम मुख्यतः पगारी कारागीर करतात. ओकचे दरवाजे वीस-पंचवीस वर्षांनी बदलावे लागतात, तेही त्यांचंच काम. स्वयंसेवकांच्या हाती येतात पूल आणि काठाच्या भिंतींच्या दरजा, तेही उन्हाळ्यात, कारण चुना थंडीत धरत नाही.

सिमेंट का नको? जुन्या विटा मऊ असतात. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडतं. दरज सिमेंटची असली की पाणी विटेतच अडकतं, गोठून फुगतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. दरज शाबूत आणि वीट गेलेली, असं दृश्य जुन्या सिमेंट-दुरुस्तीत जागोजाग दिसतं. काही लॉकमध्ये नंतरच्या कडक निळ्या विटा आहेत, त्यांचा मसाला वेगळा असू शकतो. हा निर्णय गटप्रमुखाचा.

आधी सैल मसाला छिन्नी-हातोडीने किमान २५ मिलिमीटर खोल काढा. छिन्नी दरजेपेक्षा अरुंद हवी. ग्राइंडर वापरू नका, विटेच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. धूळ ब्रशने झाडा आणि भिंत भिजवा. वीट ओलसर हवी, तिच्यावर पाणी चमकत नको. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि चुना भुकटी होऊन झडतो.

मसाल्यासाठी नैसर्गिक जलचुना (ओलाव्यातही घट्ट होणारा चुना), ३.५ प्रतीचा, १ भाग आणि धुतलेली जाडसर वाळू अडीच ते ३ भाग घ्या. फावड्याने नाही, बादलीने मापा. कोरडा चुना डोळ्यांत गेला तर भाजतं, म्हणून गॉगल आणि हातमोजे आधी घाला. डोळ्यांत गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा. पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, हाताला ओघळ येता कामा नये. नवखे हमखास पाणी जास्त घालतात, मग वाळताना दरजांना भेगा पडतात. अरुंद पट्टीने मसाला आतपर्यंत दाबा. खोल दरज असेल तर दोन थरांत. विटेच्या तोंडावर लिंपू नका. अंगठ्याचं नख हलकं उमटेल इतकं कडक झालं की ताठ ब्रशने ठोका. मग ओलं गोणपाट लावून काही दिवस ओल टिकवा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल त्या दिवशी हे काम नकोच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पुलाखालच्या कोपऱ्यांवर, दगडात किंवा लोखंडी पट्टीत, खोल घळी दिसतील. ती झीज नव्हे, निदान भरून काढायची तरी नव्हे. वाळू चिकटलेले ओले दोर वर्षानुवर्षं घासून झालेल्या त्या खुणा आहेत, आणि घोडा कोणत्या बाजूने वळायचा तेही त्यांवरून कळतं. त्यांत मसाला भरला की तो पुरावा संपला. ट्रस्टच्या ताब्यात अडीच हजारांहून जास्त संरक्षित बांधकामं आहेत. त्यांत परवानगीशिवाय एक वीटही बदलता येत नाही.

वारशाची नोंद आणि उत्सव

नोंदीचं काम कुणालाही जमतं आणि फार थोडे जण करतात. मैलाचे दगड, पुलांच्या क्रमांकपट्ट्या, दगडांवरच्या गवंड्यांच्या खुणा, दोरांच्या घळी अशा प्रत्येक गोष्टीचे तीन फोटो घ्या: परिसरासह, पूर्ण वस्तू, आणि शेजारी पट्टी ठेवून जवळून. कालव्याचं नाव, पुलाचा क्रमांक, टोपाथची बाजू की पलीकडची आणि तारीख लिहा. क्रमांक नसेल तर फोटो दोन वर्षांनी कुणालाच उपयोगी पडत नाही. पाण्यात चुंबक टाकून जुन्या वस्तू काढायला ट्रस्टच्या पाण्यात बंदी आहे. जुनी स्फोटकंही वर येऊ शकतात.

उत्सवांत हात द्यायचा असेल तर लंडनच्या लिटल व्हेनिसमधला कॅनालवे कॅव्हलकेड हा बोटींचा मेळा १९८३ पासून मे महिन्याच्या सुरुवातीला भरतो. सप्टेंबरमध्ये इंग्लंडभर हेरिटेज ओपन डेज, म्हणजे वारशाच्या जागा सगळ्यांना खुल्या करणारे दिवस असतात. हिवाळ्यात कोरड्या लॉकच्या तळात लोकांना उतरू देणारे दिवस तर सोडूच नका. बोटींवरचे गुलाब रंगवायला शिकवणारी सत्रं अशा ठिकाणी असतात. आधी गडद रंगाची टिकली, ती पूर्ण वाळल्यावर फिक्या तैलरंगात स्वल्पविरामासारख्या एकाच फटकाऱ्यात एकेक पाकळी. टिकली ओली असताना घाई केली की रंग मिसळून चिखल होतो.

स्वतः फेरी काढणार असाल तर दीड किलोमीटर, पाच थांबे आणि सव्वा तास पुरे. एका थांब्यावर माल वाहणाऱ्या कुटुंबांबद्दल बोला: अख्खं घर बोटीच्या मागच्या इवल्या खोलीत राहत असे. दुसऱ्या महायुद्धात बोटी चालवायला आलेल्या तरुणींबद्दल बोला. त्यांच्या बिल्ल्यावरच्या 'आयडब्ल्यू' (इनलँड वॉटरवेज) या अक्षरांवरून त्यांना 'आयडल विमेन' म्हणजे रिकामटेकड्या बायका असं हिणवलं गेलं. प्रत्यक्षात त्या जोडबोटींतून एका खेपेला सुमारे ५० टन माल नेत होत्या.

शेवटचा थांबा लॉकचा ठेवा आणि तिथे प्रशिक्षित लॉककीपर असल्याशिवाय फेरी काढू नका. पातळी सारखी झाली की फेरीतल्या एखाद्या मुलाला तुळईला पाठ लावू द्या. बाकीच्यांना तुळई जिथून फिरते त्या पट्ट्याबाहेर आणि पाण्याच्या कडेपासून दोन पावलं मागे उभं करा. टनाहून जड दरवाजा त्या पोराच्या रेट्याने हळूहळू सरकू लागतो. त्या वेळी काही बोलू नका. दरवाजा पूर्ण उघडला की मग पाण्याचा दाब समजावून सांगा.